तार काढून बघा

"मॅडम, एक विचारू? ह्ये झाकण आपोआप उघडणार न्हाई न्हवं?"

आनंदा सुतार माझ्या खुर्चीमागं टोपी हातात धरून उभा होता. तो फौंड्रीतला भट्टीवरचा ऑपरेटर. त्यांच्या मॅनेजरबरोबर आमच्या ऑफिसात नव्या भट्टीची बटणं समजून घ्यायला आला होता. मॅनेजर आमच्या मालकांच्या, इंगवले सरांच्या केबिनमध्ये चहा पीत बसला आणि आनंदा माझ्याकडं आला.

भट्टी म्हणजे जमिनीत खोल बसवलेली लोखंडी विहीरच. ओतलेला माल आत सोडायचा, वरून झाकण लावायचं, लालबुंद तापवायचा आणि थंड झाल्यावर झाकण उघडून बाहेर काढायचा. जुन्या भट्टीचं झाकण आनंदा साखळीनं ओढून उघडायचा आणि झाकण अडवायला मनगटाएवढी लोखंडी खीळ होती. नव्या भट्टीला साखळीही नव्हती आणि खीळही नव्हती. माल थंड झाला की झाकण आपणहून उघडणार होतं, आणि ते कधी उघडायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं होतं. गुरुवारी भट्टी सुरू व्हायची होती आणि आनंदाची उभी राहायची जागा झाकणाच्या अगदी शेजारी होती.

"थांबा, लिहिलेलंच दाखवते," मी म्हटलं आणि काळ्या स्क्रीनवर टाईप केलं, दाखव झाकण.

ही 'दाखव' कमांड आमची घरची. इंगवले सरांनी कंपनी काढली तेव्हाच ती बनवली होती. कोडाचा एकेक तुकडा असतो, त्याला एक नाव असतं. 'दाखव' म्हणायचं आणि पुढं ते नाव लिहायचं, की तो तुकडा काय करतो, काय करत नाही, कुणी लिहिलाय, हे सगळं सरळ मराठीत समोर येतं. ज्यानं कोड लिहिला त्यानंच वर हे वर्णन लिहायचं, आणि बाकीच्यांनी फक्त वर्णन वाचायचं, कोड उघडायचा नाही, असा आमच्याकडं कडक नियम होता. दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही, दारावरची पाटी वाचायची, असं सर म्हणायचे. सुरुवातीला एकमेकांच्या कोडात हात घालून लोकांनी लई घोळ घातले होते म्हणे, म्हणून हा नियम.

स्क्रीनवर मराठी अक्षरं आली, पण नेहमीसारखी मोडकी. काने एकीकडं, मात्रा दुसरीकडं. तरी मी आनंदाला वाचून दाखवलं. भट्टीचं झाकण उघडतं. आतलं तापमान मर्यादेपेक्षा जास्त असेल तर झाकण उघडत नाही, बटण दाबलं तरी उघडत नाही. खाली नाव, इंगवले.

"बघा, बटण दाबलं तरी उघडायचं नाही. आपोआप तर लांबच राहिलं."

आनंदानं मान हलवली. म्हणाला, "थोरल्या भावाचा हात गेलाय भट्टीवर. घरातनं म्हणाले, एकदा इचारून ये. आता तुम्ही सांगताय म्हंजे झालं."

टोपी घालून तो गेला आणि मी माझ्या कामाला लागले. माझ्या पाठीमागच्या टेबलावर शीतल मगदूम कानात इअरफोन घालून बसला होता. त्यानं हे ऐकलं असेल असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत टाईप केलं, दाखव झाकण. आदल्या संध्याकाळी अक्षरं दुरुस्त करून घेतली होती, ती नीट दिसतायत का एवढंच बघायचं होतं. नीट दिसत होती. काने-मात्रा जागच्या जागी. पण वर्णनाच्या खाली एक ओळ जास्तीची होती.

तापमानाची तार काढून बघा.

बस, एवढंच. नाव नाही, गाव नाही.

आता माझ्याबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संशय हा माझा जन्मजात गुण आहे. आई म्हणायची, देवळात प्रसाद दिला तरी ही पोरगी आधी वास घेऊन बघेल. कंपनीत मला कामही तसलंच मिळालं होतं, तपासणीचं. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. यासारखं सुख नाही. पाटीवर जे जे लिहिलंय ते ते खरं आहे का हे मी चिकाटीनं बघायचे. झाकणाचंही बघितलं होतं. तापमान वाढवलं, बटण दाबलं, झाकण उघडलं नाही. लिहिल्याप्रमाणं बरोबर. शेरा मारला आणि पुढं गेले. पाटीवर जे लिहिलेलंच नाही ते तपासायचं आमच्यात कुणाला कधी सुचलं नव्हतं.

मी बाजूच्या मशीनवर जाऊन तीच कमांड दिली. तिथं ती ओळ नव्हती. आणखी एका मशीनवर दिली, तिथंही नाही. म्हणजे ओळ फक्त माझ्याकडं होती. प्रत्येकाच्या मशीनवर कोडाची आपापली प्रत असते आणि 'दाखव' त्या प्रतीतलं वर्णन वाचतं. तेव्हा कुणीतरी माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच प्रतीत ही ओळ घातली होती. मी तर पाणी प्यायला उठले तरी स्क्रीनला कुलूप घालते. माझ्या मशीनला हात लावलेला माणूस एकच होता. आदल्या संध्याकाळी अक्षरं दुरुस्त करायला मीच ज्याला बोलावलं तो, शीतल मगदूम.

शीतल नाव वाचून आम्हाला वाटलं होतं बाई येणार. आला दाढीवाला उंचापुरा बाप्या. आमच्याकडच्या जैन घरांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं हे मी विसरलेच होते. गाव सीमेवरचं. आधी पुण्यातल्या ज्या कंपनीत होता, त्या कंपनीला ह्याच भट्टीचं काम पाहिजे होतं आणि ते आम्ही मारलं होतं. असा माणूस पुणं सोडून कोल्हापूरला येतो, तेही कमी पगारात, हे मला पहिल्या दिवसापासून पटलेलं नव्हतं. अजून कच्चा होता. महिनाअखेर त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे सर ठरवणार होते.

मी सरळ केबिनमध्ये गेले आणि सरांना ओळ सांगितली.

सर चष्मा पुसत होते. हात थांबला. म्हणाले, "कुणाकुणाला दाखवलीस?"

"कुणालाच नाही."

"चांगलं केलंस."

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. मला वाटलं होतं विचारतील, कसली तार, काय होतं काढल्यावर. पण कुणी बघितलं, एवढंच विचारलं. तरी मी गप्प बसले. सर म्हणजे आमच्यासाठी देवमाणूस होते. माझ्या वडिलांच्या आजारपणात मला घरी बसून पगार दिला होता त्यांनी.

सरांनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि सगळं समजावलं. काम हातचं गेलं म्हणून पुण्याची ती मंडळी खार खाऊन आहेत. तपासणीच्या खोलीतला पॅनल, म्हणजे भट्टी चालवणारं ते कपाट, उद्या संध्याकाळी फौंड्रीत जाणार आहे. कुणीतरी त्याची तार उपसायची, आतलं कार्ड जाळायचं, गुरुवार हुकवायचा आणि आमचं नाव घालवायचं. तू संशयी आहेस हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तुझ्याच हातून करून घ्यायचा डाव असणार. पॅनलला कुणी हात लावायचा नाही. ओळ पुसून टाक.

"आणि मगदूमवर नजर ठेव," सर म्हणाले. "पुरावा मिळाला की मला सांग. महिनाअखेर कशाला, त्याच दिवशी बस पकडून देतो."

खरं सांगते, मला आनंद झाला. उभ्या जन्माची माझी खोड, आणि आता तीच साहेबांनी कामाला लावली होती. मी जागेवर गेले, ओळ पुसली आणि खुर्ची जरा तिरकी करून घेतली, म्हणजे मगदूम डोळ्याच्या कोपऱ्यात राहील.

नजर ठेवली की माणूस चोरच दिसायला लागतो. मगदूम दिवसभर 'दाखव'वर 'दाखव' देत बसला होता. दाखव हे, दाखव ते. कंपनीचं सगळं ज्ञान पिशवीत भरून न्यायचा विचार दिसतोय, मी मनात म्हटलं. फोन आला की जिन्यात जायचा आणि कानडीत बोलायचा. मला कानडी येत नाही, त्यामुळं त्यातला प्रत्येक शब्द मला गुप्त वाटला. ऑफिसातला चहा घ्यायचा नाही, कुणाच्या डब्यात हात घालायचा नाही. आणि संध्याकाळी ऊन उतरायला लागलं की गडी उठायचा, पिशवी घ्यायचा आणि मागच्या दारानं गायब व्हायचा. थोड्या वेळानं तोंड पुसत परत. रोज कुणाला भेटायला जातो हा?

त्या संध्याकाळी मी त्याच्यामागं गेले. चप्पल हातात घेऊन जिना उतरले. इमारतीच्या मागं जनरेटरची खोली आहे, तिच्या आडोशाला तो एकटाच कट्ट्यावर बसला होता. मांडीवर डबा. मावळतीकडं बघत घाईघाईनं भाकरी खात होता.

मी कोल्हापुरातच वाढलेली, शेजारी जैनांची घरं. दिवस बुडायच्या आत जेवतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण संशयापुढं डोकं चालतंय कुठं. ऑफिसातल्या जेवायच्या खोलीत कुणीतरी रोज अंडी नाहीतर मटण आणायचं, म्हणून बिचारा इथं येऊन बसायचा. मी हातात चप्पल घेऊन समोर उभी. त्यानं एकदा चपलेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"या मॅडम, जेवायला."

आता लपवून काय उपयोग, म्हणून मी चप्पल खाली टाकली आणि सरळच विचारलं, माझ्या मशीनवर काय लिहिलंस म्हणून. जेवतो म्हणून माणूस चोर नसतो असं थोडंच आहे.

तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. म्हणाला, "वाचलंत ना? मग बघितलं का काढून?"

"सरांनी सांगितलंय, पॅनलला हात लावायचा नाही."

"हां. मलाही तेच सांगितलंय," तो म्हणाला आणि डबा बंद करून हात धुवायला गेला.

घरी जाताना मी बसमध्ये खिडकीपाशी बसून हेच घोळवत होते. सरांनी मला आज सकाळी सांगितलं. आज दिवसभर तर सर आणि मगदूम एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, मी डोळ्यात तेल घालून बघितलं होतं. मग त्याला कधी सांगितलं? माझ्या आधी सांगितलं असलं तर का सांगितलं? तेव्हा तर ओळही नव्हती. मगदूम खोटं बोलतोय, नाहीतर सर काहीतरी गिळून बसलेत. दोघांपैकी एकावर विश्वास ठेवायचा म्हटलं तर माझं मत सरांच्याच बाजूला पडत होतं. पण मन काही केल्या थाऱ्यावर येईना. मधूनच आनंदाचं ते मान हलवणं आठवायचं. तुम्ही सांगताय म्हंजे झालं, म्हणाला होता. तो सरांना ओळखत नव्हता आणि मगदूमलाही ओळखत नव्हता. त्याला मी सांगितलं होतं.

स्टॉप येईपर्यंत मी ठरवलं, तार काढायची. कार्ड जळालं तर जळू दे, निस्तरेन. तार काढून काही झालं नाही, की मगदूमचा कान धरून सरांपुढं उभा करायचा.

बुधवारी दुपारी सरांनी सगळ्यांना जेवण दिलं, नव्या कामाचं. तळमजल्यावर पंगत, तांबडा-पांढरा, सर स्वतः वाढायला. माझं पोट बिघडलंय असं मी सांगितलं. मटण सोडणारी बाई नाही मी, त्यामुळं दोघीतिघींनी काळजीनं विचारलंसुद्धा. सगळे खाली गेले आणि मी तपासणीच्या खोलीत शिरून दार लोटून घेतलं.

पॅनल म्हणजे लोखंडी कपाट. खरी भट्टी तर तिथं नव्हती, म्हणून तापमान दाखवायला भट्टीच्या तारेला एक फिरवायची मूठ जोडलेली होती आणि झाकणाच्या जागी एक लाल दिवा. दिवा लागला म्हणजे झाकण उघडलं. मी मूठ फिरवून तापमान पार वर नेलं, माल लालबुंद असतो तितकं. दिवा बंद. बटण दाबलं. दिवा बंदच. पाटीवर लिहिलंय तसंच.

मग स्क्रू सैल केला आणि तापमानाची तार ओढून काढली.

स्क्रीनवरचा आकडा घसरला आणि शून्यावर जाऊन थांबला. मी बटणाकडं हातसुद्धा नेला नव्हता. लाल दिवा आपणहून लागला.

मी तार परत लावली. आकडा वर गेला, दिवा विझला. परत काढली. शून्य, आणि दिवा लागला. कितीतरी वेळा केलं. मला पहिल्याच वेळी कळलं होतं, पण हात थांबेनात. तार तुटली की आकडा शून्य येत होता, आणि शून्य म्हणजे भट्टी थंडगार, असं समजून आमचं शहाणं सॉफ्टवेअर झाकण उघडत होतं. भट्टीवर ती तार तुटणं म्हणजे घरातला दिवा जाण्याइतकं नेहमीचं. उष्णतेनं वाळून कुरकुरीत होते आणि धक्का लागला की तुटते. आत माल लालबुंद असणार, तार तुटणार आणि झाकण उघडणार. आणि आनंदा तिथं शेजारी, हातात काही नसताना.

मी स्टुलावर बसले.

दार वाजलं. सर होते. पंगतीत मी दिसले नाही म्हणून वर आले असतील. माझ्या हातात तार, समोर दिवा लागलेला.

"तुला हात लावायला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, सर, बघा. तार लावली, काढली. दिवा विझला, लागला. सरांनी दिव्याकडं बघितलंच नाही. पहिल्यापासून ते माझ्याकडंच बघत होते. ज्या माणसाला हे आताच कळतंय तो आधी दिव्याकडं बघेल.

"तुम्हाला माहीत होतं."

सर दुसऱ्या स्टुलावर बसले. मग हळूहळू बाहेर आलं. मगदूमनं आल्यावर पहिल्याच आठवड्यात सरांना विचारलं होतं, तार तुटली तर काय होतं म्हणून. सरांनी त्याला उलटं विचारलं, तुला तिकडच्यांनी पाठवलंय का. तो तेच विचारायला परत आला, तेव्हा सरांनी सांगितलं, पॅनलला हात लावायचा नाही आणि कुणापाशी बोलायचं नाही. मग एके दिवशी सगळे गेल्यावर सरांनी स्वतःच तार काढून बघितली होती.

"इतकी वर्षं चालतंय हे, वैजयंती. किती भट्ट्या झाल्या. कुठं काय झालंय?"

"त्या सगळ्या भट्ट्यांना खिळी होत्या, सर. इथं खीळ नाही."

"उद्या सुरू होऊ दे. पुढच्या महिन्यात आपण गुपचूप बदलू. आज थांबवलं तर विचारतील, इतकी वर्षं काय विकत होता. सगळ्यांच्या चुली माझ्यावर आहेत. तुझीसुद्धा."

ते खोटं बोलत नव्हते. मला त्यांचा राग आला, कीवही आली. वडिलांच्या आजारपणातले तेच सर माझ्यासमोर बसले होते. पण मी बोलले. कसं बोलले, माझं मला ठाऊक.

"उद्या तिथं आनंदा सुतार उभा राहणार आहे. त्याच्या जागी तुम्ही उभं राहा, सर. तार मी काढते."

खालून पंगतीचा हसण्याचा आवाज येत होता. सर उठले, माझ्या हातातली तार घेतली आणि स्वतः जागेवर लावून स्क्रू आवळला. म्हणाले, फौंड्रीला फोन लावतो.

दारातून परत वळले. "ती ओळ मगदूमनंच लिहिली ना?"

"माझ्या मशीनवर होती. म्हणजे मीच लिहिली असणार."

सरांनी माझ्याकडं बघितलं आणि तसेच निघून गेले.

गुरुवार टळला. फौंड्रीवाले भडकले, सरांना लई काही ऐकावं लागलं, पण काम हातचं गेलं नाही. सरांनी स्वतः बसून कोड बदलला. मी तो तार काढून, तार अर्धवट जोडून, तार उलटी लावून, होता होईल तेवढा छळला. आम्ही आधी केलेल्या भट्ट्यांवरही सगळीकडं जाऊन नवा कोड घातला. त्या काळात सर माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. महिनाअखेर मगदूम कायम झाला, पण त्याच्याशीही सर शाबास म्हणून बोलले नाहीत. सगळं आतल्या आत राहिलं. आता मी ती नोकरी सोडूनही बरीच वर्षं झाली, म्हणून सांगतेय.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. त्याच बुधवारी संध्याकाळी मी परत जनरेटरच्या मागं गेले, ह्या वेळी चप्पल घालून. मगदूम जेवत होता. फोन झाला, भट्टी पुढं ढकलली, हे त्याला ऑफिसात कळलंच होतं. त्यानं कट्ट्यावर सरकून जागा केली आणि मला अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. दुपारचं मटण गेलेलं, मी पोटभर खाल्ली.

खाऊन झाल्यावर मी त्याला धारेवर धरलं. असलं भुताटकीसारखं लिहायचं काय कारण होतं? मी तुझ्या पुढंच बसत होते ना? सरळ येऊन तोंडानं सांगायला काय झालं होतं? आनंदाला मी खात्री देत होते तेव्हा तरी बोलायचंस.

"त्याच दिवशी लिहिलं की," तो म्हणाला. "तुम्ही त्याला वाचून दाखवलं, तेव्हा मला गप्प बसवेना. संध्याकाळी तुम्हीच बोलावलंत."

"पण सांगितलं का नाहीस?"

त्यानं जरा विचार केला. "सरांना सांगितलं होतं. काय झालं? त्यांनी तार नाही बघितली, आधी मलाच बघितलं. तुम्हीच सांगा, मॅडम. मी येऊन सांगितलं असतं, पुण्याहून आलेल्या मगदूमनं, तर तुम्ही आधी काय तपासलं असतं?"

खोटं बोलायची सवय नाही मला.

"तुला," मी म्हटलं.

"म्हणून नाव घातलं नाही. नाव नसलं की तपासायला फक्त तारच उरते, असं वाटलं. तरी तुम्ही दोन दिवस मलाच तपासलंत."

तो हसत नव्हता, चिडलेलाही नव्हता. डब्याला लागलेली चटणी बोटानं पुसून घेत होता. ओळ समोर लिहिलेली होती, एवढी चार शब्दांची, अगदी मी काय करायचं तेसुद्धा त्यात सांगितलेलं, आणि मी दोन दिवस त्याचा चहा, त्याची कानडी आणि त्याच्या जेवायच्या वेळा तपासत हिंडले होते. ते दोन दिवस गुरुवारच्या अलीकडं होते म्हणून बरं.

मी उठले. संशय घेतला याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मी त्याला सांगितलं, उद्यापासून माझ्या मशीनला हात लावायचा नाही, काय असेल ते नावानिशी येऊन सांगायचं. आधी तार काढून बघेन, आणि तुला मग बघेन.

"बघा की," मगदूम म्हणाला आणि हात धुवायला गेला.